सिद्धेश्वरची टेकडी, कंपनीचे डॉक्टर आणि पाण्यातलं एक झाड



या वेळचा मुक्काम पिरियापट्टण. म्हैसूरहून मडिकेरीच्या रस्त्याला लागलं की हुणसूरनंतरचं मोठं गाव हेच. तंबाखूचा मुलूख आहे. हंगामात भट्ट्या पेटल्या की पानं भाजल्याचा वास थेट रस्त्यापर्यंत येतो. उत्तरेला कावेरी, पश्चिमेला कोडगूचे डोंगर. कुठली तुकडी, कशासाठी, किती दिवस, हे इथे लिहायचं नसतं हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. तेव्हा थेट विषयाकडे येतो.

विषय आहे एक झाड. क्रिप्टोकोरिन त्याचं नाव. फिश टँक ठेवणारी मंडळी त्याला नुसतं क्रिप्ट म्हणतात. हिरव्या-तपकिरी पानांचं, वीतभर उंचीचं, टाकीच्या तळाशी गप्प उभं असणारं. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या मासेवाल्यांकडे किंवा बंगळुरूच्या दुकानांत ते सहज मिळतं, आणि विकत घेणाऱ्याला वाटतं की सिंगापूर-थायलंडकडचं काही असावं. खरं तर याच्या काही जाती आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांत आणि भाताच्या खाचरांतल्या आहेत. त्या तिथून उचलल्या कोणी, नावं दिली कोणी आणि काचेच्या पेटीत वाढवायचं तंत्र आलं कुठून, हा सगळा इतिहास पलटणींच्या मागोमाग चालतो. पिरियापट्टणला बसून तो सांगायला कारण आहे.

गावापासून विराजपेटच्या बाजूला दहाबारा किलोमीटरवर सिद्धेश्वरची टेकडी आहे. इंग्रजी कागदांत तिचं नाव ‘सीदासीर’ असं वेडंवाकडं झालेलं. १७९९ च्या मार्चमध्ये जनरल स्टुअर्टच्या हाताखालची मुंबईची फौज कण्णूरहून घाट चढून कोडगूमार्गे श्रीरंगपट्टणकडे निघाली होती. तिचं पुढचं टोक म्हणजे कर्नल माँट्रेसरची देशी पायदळाच्या ३ पलटणींची ब्रिगेड. ती या टेकडीपाशी उतरली. ५ मार्चला टेकडीवरून पिरियापट्टणच्या बाजूला तंबूंची रांग दिसली. त्यात टिपू सुलतानाचा हिरवा तंबू होता. दुसऱ्या दिवशी सकाळी टिपूच्या फौजेनं जंगलातून येऊन ब्रिगेडला पुढून आणि मागून घेरलं. तिन्ही पलटणी काही तास तशाच लढत राहिल्या आणि दुपारी मागची मदत पोहोचल्यावर टिपूला माघार घ्यावी लागली. पुढे दोन महिन्यांच्या आत, ४ मे रोजी, श्रीरंगपट्टण पडलं.

त्या मुंबईच्या फौजेत कोकणातले आणि देशावरचे शिपाई होते. त्यांच्या पलटणींपैकी काहींमधूनच पुढे मराठा लाइट इन्फन्ट्री घडली आणि इंग्रजांच्या काळच्या सन्मानांच्या यादीत तिच्या नावापुढे ‘सीदासीर’ लागलं. ही लढाई कोणाच्या बाजूनं होती आणि तिचा अभिमान किती धरावा, हा वेगळा विषय आहे. पण मराठी शिपाई या मातीत दोनशे वर्षांपूर्वी येऊन गेला आहे, एवढं खरं. ज्या कोडगूच्या राजानं, वीरराजेंद्रानं, इंग्रजांना वाट दिली, तो याच पिरियापट्टणच्या किल्ल्यात टिपूच्या कैदेत होता आणि १७८८ मध्ये इथूनच निसटला होता.

लढाई संपल्यावर मुलूख मोजायला माणूस आला. १८०० मध्ये गव्हर्नर जनरल वेलस्लीनं डॉ. फ्रान्सिस बुकानन याला म्हैसूर, कॅनरा आणि मलबार पालथं घालायला पाठवलं. कुठे काय पिकतं, कोण काय विणतं, जंगलात काय आहे, सगळं लिहून आणायचं काम. तो पिरियापट्टणलाही आला. सततच्या लढायांनी उजाड झालेला हा प्रदेश आणि किल्ल्याच्या पडक्या भिंतींत बस्तान मांडलेले वाघ त्यानं नोंदवून ठेवलेत. बुकानन पेशानं कंपनीचा सर्जन. त्या काळी वैद्यकी शिकायची म्हणजे वनस्पतिशास्त्र शिकावंच लागे, कारण औषधं झाडांतूनच येत. त्यामुळे फौजेबरोबर जो डॉक्टर चाले, त्याच्या सामानात शस्त्रक्रियेच्या हत्यारांबरोबर पानं दाबायचे कागदही असत.

क्रिप्टचा लेखी इतिहास अशाच एका डॉक्टरपासून सुरू होतो. योहान गेरहार्ड क्योनिग हा लिनियसचा शिष्य १७६८ मध्ये तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीला, म्हणजे डेन्मार्कच्या ट्रँकेबार वखारीत आला. त्यानं पाठवलेल्या नमुन्यांवरून स्वीडनच्या रेट्झियसनं १७७९ मध्ये ‘आरुम स्पिराले’ असं नाव छापलं. आरुम म्हणजे अळूच्या नात्यातलं आणि स्पिराले म्हणजे पिळाचं, कारण फुलाचं टोक मळसूत्रासारखं पिळलेलं. हेच आजचं क्रिप्टोकोरिन स्पायरॅलिस. त्याच्यानंतर रॉक्सबर्ग. तोही कंपनीचा सर्जन, आधी मद्रासकडे आणि १७९३ पासून कलकत्त्याच्या बागेत. त्यानं आणखी जातींची वर्णनं केली, त्यांत सुंदरबनच्या खाऱ्या चिखलात वाढणारी सिलियाटा आणि खडकाळ ओढ्यांतली रेट्रोस्पायरॅलिस या दोन. त्यानं देशी चित्रकारांकडून झाडांची सुमारे अडीच हजार चित्रं काढून घेतली. स्वतंत्र कुळी म्हणून ‘क्रिप्टोकोरिन’ हे नाव छापून आलं १८३० मध्ये.

श्रीलंकेत हाच धंदा फौजी हुद्देदारानं केला. कर्नल जॉर्ज वॉकर आणि त्यांची पत्नी अ‍ॅना मारिया हे दोघं १८३० च्या दशकात तिथले डोंगर चढत आणि झाडं गोळा करत. बाई चित्रंही काढत. आज टाकीत दिसणारं ‘क्रिप्टोकोरिन वॉकेरी’ हे त्याच आडनावाचं.

नावांची ही यादी वाचताना मला एक गोष्ट खटकते. ओढ्यात गुडघाभर पाण्यात उतरून झाड उपटून आणणारा माणूस कोण होता? चित्र काढणारा कोण? सिद्धेश्वरच्या टेकडीवर घेरलेल्या शिपायांची नावं जशी सहज सापडत नाहीत, तशीच यांचीही. अपवाद एक, आणि तो शंभर वर्षं आधीचा. कोचीचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड यानं १६७८ ते १६९३ या काळात ‘होर्टुस मलबारिकुस’ नावाचा १२ खंडांचा ग्रंथ छापून घेतला. ऱ्हीड पेशानं सैनिकच. त्यानं मात्र ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांची नावं ग्रंथात घातली. इट्टी अच्युतन हा मलयाळी वैद्य, आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पुभट हे तीन कोकणी ब्राह्मण. या तिघांचं प्रमाणपत्र नागरी लिपीत ॲमस्टरडॅमला छापलं गेलं. त्याच ग्रंथात ‘करिन पोळा’ नावानं जे पाणझाड चितारलंय, ते क्रिप्टचं सख्खं भावंड, लागेनांड्रा. पुढे या भावंडाची वेगळी कुळी केली ती मुंबई इलाख्यात नोकरी करणाऱ्या निकोल डाल्झेलनं, १८५२ मध्ये. दोघांतला फरक कोवळ्या पानाच्या गुंडाळीवरून कळतो. क्रिप्टचं पान पानाच्या विड्यासारखं एका कडेनं गुंडाळलेलं येतं, लागेनांड्राच्या दोन्ही कडा आत वळून येतात.

आता झाडाकडे बघू. कोकणातल्या वाचकांना पहिल्या पावसात येणारी शेवळं माहीत आहेत. भाजीसाठी आपण जो दांडा सोलतो त्याच्याभोवती एक पान गुंडाळलेलं असतं. क्रिप्टचं फूल त्याच धर्तीचं, फक्त फार लहान. दांडा इथे बाहेर दिसतच नाही, तो तळाच्या कुपीत दडलेला असतो. ‘क्रिप्टोस’ म्हणजे लपलेलं आणि ‘कोरिने’ म्हणजे गदा, यावरून ग्रीक नाव पडलं. कुपीवर लांब नळी, नळीवर रंगीत पिळदार झेंडा. वासानं चिलटं येतात, नळीतून घसरून कुपीत पडतात आणि अडकतात. आत मादीफुलं आधी तयार होतात, नरफुलं नंतर परागकण सोडतात. चिलटांना तोवर कोठडी. पराग अंगावर पडले की वाट मोकळी होते आणि चिलटं पुढच्या फुलाकडे जातात.

हे सगळं व्हायला फुलाचं तोंड हवेत असावं लागतं. म्हणून रेट्रोस्पायरॅलिससारखं झाड पावसाळाभर वाहत्या पाण्याखाली लांब अरुंद पानं लहरवत राहतं आणि पाणी उतरून खडक उघडे पडले की फुलतं. टाकीत ते कायम बुडालेलं असतं, म्हणून तिथे फुलत नाही. या एका कारणानं पुढचा बराच घोळ झाला. पानांवरून क्रिप्टची जात ओळखणं कठीण, कारण एकच झाड उन्हात तपकिरी, सावलीत हिरवं, खोल पाण्यात लांब आणि उथळ पाण्यात आखूड पानं काढतं. खात्री फुलावरून होते, आणि टाकीवाल्यांनी फूल पाहिलेलंच नसतं.

यावर तोडगा निघाला तो लंडनच्या एका डॉक्टरमुळे. १८२९ मध्ये नॅथानिएल वॉर्डनं पतंगाचा कोश ओल्या मातीसकट एका बंद बाटलीत ठेवला. पतंगाचं काय व्हायचं ते झालं, पण त्या मातीत नेचा आणि गवत उगवलं. धुरानं कोंडलेल्या लंडनमध्ये बाहेर जो नेचा जगत नव्हता तो बाटलीत जगला. मातीतलं पाणी वाफ होऊन काचेला लागतं आणि पुन्हा मातीत उतरतं. १८३३ मध्ये अशा दोन पेट्या जहाजावरून सिडनीला गेल्या आणि आतली झाडं जिवंत पोहोचली. पुढे चहा, सिंकोना, रबर या झाडांनी समुद्र ओलांडले त्यात अशा बंद पेट्यांचा मोठा वाटा होता, आणि आज दिवाणखान्यात ठेवतात तो टेरॅरियम म्हणजे हीच पेटी. माशांची काचेची टाकी तिच्या पाठोपाठची. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टननं पाणझाडं आणि मासे एकत्र ठेवून तोल साधतो हे दाखवलं, १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यघर उघडलं. आपल्याकडे मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय आलं ते १९५१ मध्ये.

विसाव्या शतकात श्रीलंकेची क्रिप्टं जर्मनी आणि हॉलंडमधल्या हौशी लोकांच्या टाक्यांत पसरली. कोणती कुठून आली याचा हिशेब कोणी ठेवला नाही. १९५८ मध्ये हॉलंडच्या वागेनिंगेनचे प्राध्यापक हेंड्रिक डी विट यांनी एका जातीला ‘वेंडटी’ असं नाव दिलं, अल्बर्ट वेंड्ट या जर्मन पाणझाड-अभ्यासकाच्या नावावरून. आज जगात सगळ्यात जास्त विकलं जाणारं क्रिप्ट बहुधा हेच. गंमत अशी की त्याला नाव मिळालं ते टाकीतल्या झाडावरून, श्रीलंकेचा मूळ ओढा नंतर जुळवावा लागला. ‘पेची’ म्हणून विकलं जाणारं झाड वेगळी जात नसून बेकेटीच आहे, हेही उशिरा कळलं. त्याच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच निघाले. असं झाड बी धरत नाही. तरी जगभर पसरलं, कारण माणूस त्याची पिल्लं तोडून लावत राहिला.

हीच बेकेटी अमेरिकेत टेक्ससच्या सॅन मार्कोस नदीत सुटली आणि तिथल्या दुर्मीळ पाणभाताच्या जागेवर पसरायला लागली. शेवटी ती उपटून काढण्याची मोहीम घ्यावी लागली. टाकीतलं झाड नदीत टाकू नये असं सांगतात ते यासाठी.

आपल्या बाजूची गोष्ट उलटी आहे. कोकणातून वाळवून गेलेल्या नमुन्यांवरून व्हिएन्नाच्या शॉटनं १८५७ मध्ये ‘क्रिप्टोकोरिन कॉग्नाटा’ ही जात लिहिली. त्यानंतर ती कागदावरच राहिली. १९९० च्या दशकात कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे प्रा. श्रीरंग यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती कोकणात पुन्हा शोधून काढली. सव्वाशेहून जास्त वर्षं शास्त्राच्या दृष्टीनं हरवलेलं झाड आपल्याच ओढ्यात होतं. आजूबाजूच्या माणसांना ते दिसत असणारच, पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं. तमिळ वैद्यांना स्पायरॅलिसचं मूळ ‘नाट्टु अतिविडयम’ म्हणून माहीत होतं, म्हणजे गावठी अतिविष. त्यांच्या लेखी ते हरवलेलं कधीच नव्हतं.

आता हे झाड वाढवायचं कसं, ते सांगतो, कारण बराकीतसुद्धा जमण्यासारखं आहे. माझ्या खोलीत एक झाकणाची पारदर्शक प्लास्टिक पेटी आहे, तीच माझी वॉर्डची पेटी. तळाला नदीची धुतलेली वाळू आणि भाताच्या खाचरातली माती मिसळून ३ ते ४ बोटं थर. पाणी मातीच्या पृष्ठभागापर्यंत, वर नाही. झाड मातीत, पानं हवेत, झाकण बंद. थेट ऊन नको, खिडकीजवळचा उजेड पुरतो. पिरियापट्टण समुद्रसपाटीपासून सुमारे साडेआठशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथली हवा त्याला मानवते. २२ ते २८ अंशांत ते खूश असतं. आठवड्यातून एकदा झाकण उघडून हवा द्यायची, नाहीतर बुरशी येते.

केळीला मुनवे येतात तसं क्रिप्ट जमिनीखालून आडवं खोड सोडतं आणि थोड्या अंतरावर पिल्लू काढतं. पिल्लाला ४-५ पानं आणि स्वतःची मुळं आली की मधलं खोड कात्रीनं कापायचं. घाई केली तर पिल्लू अडून बसतं. जुनं जाड खोड असेल तर त्याचे दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करून ओल्या वाळूत आडवे ठेवायचे, प्रत्येक तुकड्यावरचा डोळा फुटतो. मोठे व्यापारी आता केळीसारखंच टिश्यू कल्चर करतात. बाटलीतल्या जेलीवर एका तुकड्यातून शेकडो रोपं, गोगलगाय नाही, शेवाळ नाही.

पेटीतलं झाड टाकीत बुडवलं, किंवा एका टाकीतून दुसरीत नेलं, की क्रिप्टचा खरा स्वभाव कळतो. दोन-चार दिवसांत पानं काचेसारखी पारदर्शक होतात आणि विरघळून जातात. नवशिक्याला वाटतं झाड मेलं, आणि तो उपटून फेकतो. हवेत वाढलेली पानं पाण्याखाली कामाची नसतात, म्हणून झाड ती सोडून देतं. पाणी, उजेड, तापमान अचानक बदललं तरीही हेच. जमिनीखालचं खोड टणक असेल तर हात लावायचा नाही. सडलेली पानं काढायची, थोडं पाणी बदलायचं आणि थांबायचं. तीन-चार आठवड्यांत नव्या पाण्याला साजेशी पानं येतात. बदलीचा हुकूम हातात पडल्यावर पहिला महिना आपलंही असंच जातं, त्यामुळे फौजी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

टाकी बदलीत नेता येत नाही, क्रिप्ट नेता येतं. पानं अर्धी कापायची, मुळं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळायची, प्लास्टिकच्या डब्यात हवा ठेवून झाकण लावायचं. रेल्वेचा तीन-चार दिवसांचा प्रवास ते सोसतं. निघताना उरलेली पिल्लं साथीदारांना वाटून टाकावीत.

वाटताना मात्र एक काम करावं, आणि हे सगळं लिहिण्याचं कारण तेच आहे. प्रत्येक पिल्लाबरोबर चिठ्ठी द्यावी : जात कोणती, कोणाकडून आलं, कोणत्या वर्षी. युरोपातल्या हौशी लोकांनी हे केलं नाही म्हणून वेंडटीचा ओढा नंतर शोधावा लागला. आपल्या सह्याद्रीतल्या जातींना तेवढा वेळ मिळेल असं नाही. ज्या ओढ्यावर बंधारा पडतो किंवा ज्याची वाळू उपसली जाते, त्या ओढ्यात पाण्याचा चढ-उतार राहत नाही, आणि चढ-उतार गेला की या झाडाचं फूलही गेलं. रानातलं झाड उपटून आणू नका. फुलण्याच्या दिवसांत तर मुळीच नको, कारण तेव्हा ते बी धरण्याच्या खटपटीत असतं. दुकानातलं वेंडटी पाच-पन्नास रुपयांत मिळतं, हात बसायला तेच बरं. रानात दिसलं तर फोटो काढा, फुलाचा काढा, जागा टिपून ठेवा आणि जवळच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागाला कळवा. गावातल्या ज्या म्हाताऱ्यानं किंवा आजीनं ते दाखवलं, त्यांची परवानगी घेऊन त्यांचं नावही चिठ्ठीत लिहा. ऱ्हीडला साडेतीनशे वर्षांपूर्वी ते जमलं होतं.

पुढचा लेख बेट्टदपुराच्या डोंगरावर लिहायचा विचार आहे, वेळ मिळाला तर.

जय हिंद.